काटा 'ई'वर आहे... अजून किती जाईल?

हॉस्टेलवर सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? "सबमिशन कधी आहे?" हा नव्हे. "मेसला आज भाजी कुठली?" हाही नव्हे. पार्किंगमध्ये चावी हातात घेऊन, एक डोळा मीटरवर ठेवून विचारला जातो तो प्रश्न म्हणजे, "पेट्रोल आहे ना रे?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "आहे आहे, जाशील आरामात."

हेच उत्तर मी गेल्या वर्षी एका रात्री दिलं होतं. ते चुकलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी स्कूटर जुनी, सेकंडहँड, कार्बोरेटरवाली. नावापुरती माझी, बाकी सगळ्या विंगची! कुणी झेरॉक्सला नेतो, कुणी चहाला. पेट्रोल टाकतो मात्र ज्याच्या हातात ती बंद पडेल तो. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास सुन्याला, म्हणजे माझ्या रूम पार्टनरला, काकांचा फोन आला. अण्णांना सोलापूरला ॲडमिट केलंय, सकाळी आठला ऑपरेशनला घेणार, लगेच नीघ. शेवटची एस.टी. साडेदहाची. हॉस्टेलपासून स्टँड नऊ किलोमीटर. सुन्याने बॅगेत दोन शर्ट कोंबले आणि आम्ही पार्किंगला आलो. चावी फिरवली. काटा 'ई'च्या रेघेच्या केसभर वर होता.

"पेट्रोल आहे ना रे?" सुन्याने विचारलं.

"अरे, 'ई'वर आल्यावरसुद्धा ही पंचवीस किलोमीटर जाते. बस तू!"

टेकडी उतरून सपाट रस्त्याला लागलो तेव्हा मी सहज खाली बघितलं. काटा 'ई'च्या पार खाली झोपलेला. मनात म्हटलं, हा काटा असाच आहे, वाट्टेल ते दाखवतो. पाचव्या किलोमीटरला गाडीने दोन आचके दिले आणि बस्स! अंधारात, दोन्हीकडे उसाची शेतं. आम्ही ढकलत निघालो. वीसएक मिनिटांनी दुधाचा एक टेम्पो थांबला, त्यात सुन्याला बसवून दिलं. तो स्टँडवर पोचला तेव्हा गाडी सुटली होती. पुढची पहाटे साडेचारला. सुन्या सोलापूरला पोचेपर्यंत अण्णांना आत नेऊन दोन तास होऊन गेले होते.

अण्णा आता बरे आहेत, शेतावरही जातात. पण आत नेण्यापूर्वी ते दोनदा "सुनील आला का?" असं विचारत होते, हे काकूंनी सुन्याला सांगितलं आणि सुन्याने मला, तेसुद्धा महिन्याभराने. माझ्यावर तो एकदाही चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

असो. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. काटा केसभर वर असताना तो मला खरा वाटला. तोच काटा दहा मिनिटांनी खाली गेला तेव्हा खोटा वाटला. मीटर तेच, वाचणारा मीच! म्हणजे सोयीचं रीडिंग खरं आणि गैरसोयीचं खोटं. मेझरमेंटच्या पेपरात 'ऑब्झर्व्हेशनल एरर'वर मी पूर्ण मार्कांचं उत्तर लिहून आलो होतो, हे वेगळं सांगायला नको.

मग ठरवलं, या काट्याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा.

मीटरच्या पोटात काय असतं?

सर्वांत पहिला गैरसमज म्हणजे काटा लिटर मोजतो हा. तो लिटर मोजत नाही. टाकीत एका बारीक दांडीच्या टोकाला तरंगणारा गोळा असतो. गॅरेजवाले त्याला 'फ्लोट' म्हणतात. पेट्रोलची पातळी खालीवर झाली की दांडी फिरते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा संपर्क-पट्टा रोधाच्या तारेवर सरकतो. म्हणजे पातळीचा झाला कोन, कोनाचा झाला रोध, रोधाचा झाला प्रवाह आणि प्रवाहाचा झाला काटा. लिटरचा या साखळीत कुठेच पत्ता नाही! लिटर आपण मनात वाचतो.

गॅरेजवाल्या चाचांकडून भंगारातला, पार कोरडा झालेला एक फ्लोट मागून आणला आणि लॅबच्या टेबलावर मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू उचलली. रोध सलग न बदलता टप्प्याटप्प्याने बदलतो, कारण तार वेटोळ्यांची असते आणि पट्टा एका वेढ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. तार जिथे झिजली होती तिथे रीडिंग एकदम अनंतावर गेलं आणि पुढे गेल्यावर परत आलं. चालत्या गाडीत काटा मध्येच पडून पुन्हा उठतो, त्याचं एक कारण हे.

इथे डिझाइनची एक गंमत सांगण्यासारखी आहे. अनेक गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध कमी आणि रिकामी असताना जास्त असतो. समजा वायर तुटली. रोध अनंत, म्हणजे काटा 'ई'वर. टाकी भरलेली असली तरी मीटर 'रिकामी' म्हणतं, तुम्ही पंपावर जाता, झाकण उघडता आणि बिघाड कळतो. नुकसान शून्य. हेच उलटं असतं, तर तुटलेल्या वायरने 'फुल' दाखवलं असतं आणि तुम्ही रस्त्यात राहिला असता. व्हायवाला 'फेल सेफ'चं उदाहरण विचारलं की आपण लिफ्टचा ब्रेक सांगतो. पार्किंगमधलं हे उदाहरण कुणाला आठवत नाही.

पातळी आणि लिटर यांचं भांडण

टाकी जर सरळ ठोकळ्यासारखी असती, तर पातळी अर्धी म्हणजे पेट्रोल अर्धं. पण सीटखालच्या किंवा फूटबोर्डखालच्या जागेत चाक, चेसिस, डिकी यांना चुकवून टाकी बसवायची असते. तिला कुठे खाच असते, कुठे पोट असतं. एक सोपं उदाहरण घ्या. आडवा ठेवलेला गोल पिंप. त्यात उंचीच्या पाव भाग पातळी असेल तर आतला द्रव पाव नसतो, साडेएकोणीस टक्के असतो. उंचीच्या एक दशांश पातळी असेल तर द्रव फक्त ५.२ टक्के! सेगमेंटचं क्षेत्रफळ काढून कुणीही पडताळून पाहावं. पातळी प्रामाणिक असली तरी लिटर फसवतात ते असे.

त्यातही फ्लोट टाकीच्या छतापर्यंत जात नाही आणि तळापर्यंतही पोचत नाही. गोळ्याला स्वतःची जाडी आहे, दांडीला दोन्हीकडे अडसर आहे. म्हणून टाकी फुल केल्यावर बरंच अंतर काटा 'एफ'वरून ढिम्म हलत नाही. आपण खूश! "काय ॲव्हरेज देतेय गाडी!" मग तो हलायला लागतो आणि आपण म्हणतो, "कुणीतरी पेट्रोल काढलं वाटतं." कुणी काढलेलं नसतं. गोळा आत्ता कुठे तरंगू लागलेला असतो.

उताराचं गणित

आता माझ्या त्या रात्रीकडे या. आपली पार्किंग कुठे आहे? मेसच्या बाजूच्या उतारावर. गाडीचं तोंड उताराकडे होतं आणि माझ्या गाडीत फ्लोट टाकीच्या पुढच्या बाजूला आहे.

कागदावर टाकी ठोकळ्यासारखी धरू. लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी २०, उंची १०, म्हणजे सहा लिटर. तळाचं क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे पातळीतला एक सेंटिमीटर म्हणजे ६०० मिलिलिटर. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर एका सेंटिमीटरमागे २७ किलोमीटर! इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये एक मिलिमीटर चुकला तर आपली शीट रिजेक्ट होते. इथे एका मिलिमीटरला पावणेतीन किलोमीटर पडतात.

टाकीत फक्त ३०० मिलिलिटर पेट्रोल आहे असं समजा. सपाटीवर त्याची खोली होईल अर्धा सेंटिमीटर. गोळा तिथपर्यंत उतरतच नाही, काटा तळाला. आता गाडी आठास एक उतारावर उभी करा. पेट्रोल पुढच्या कोपऱ्यात पाचरीसारखं जमतं. पाचरीचं घनफळ मांडलं की पुढच्या भिंतीशी खोली येते जवळजवळ १.९४ सेंटिमीटर आणि भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर बसलेल्या फ्लोटपाशी १.३१ सेंटिमीटर. सपाटीवर १.३१ सेंटिमीटर पातळी म्हणजे किती? ७८६ मिलिलिटर! म्हणजे टाकीत ३०० आणि काट्याला दिसतात जवळजवळ ८००. काटा खोटं बोलत नव्हता. त्याच्या पायाखाली जेवढं पेट्रोल होतं तेवढंच तो सांगत होता. उतार त्याला ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता.

हेच तोंड चढाकडे असतं तर उलटं झालं असतं. पेट्रोल मागे गेलं असतं आणि भरल्या टाकीतही काटा कमी दिसला असता. साइड स्टँडवर वाचलेलं रीडिंगही त्याच जातीचं. चालत्या गाडीत पेट्रोल हिंदकळतं, म्हणून काटा नाचू नये यासाठी मीटर मुद्दाम सुस्त ठेवलेलं असतं. यालाच आपण 'डॅम्पिंग' म्हणतो. पण सुस्त मीटर ताजी बातमी उशिराच देणार.

मग मीटर अचूक का बनवत नाहीत?

बनवता येईल. पण स्कूटरच्या मीटरचं काम हिशेब ठेवणं नाही, वेळेवर इशारा देणं आहे. म्हणून 'ई' ही रेघ खऱ्या रिकाम्यापेक्षा मुद्दाम वर ठेवतात. थोडं पेट्रोल शिल्लक असतानाच 'संपलं' म्हणायचं, म्हणजे माणूस पंपापर्यंत पोचेल.

आणि माणूस काय करतो? ती शिल्लक ओळखतो आणि तीही वापरून टाकतो! आपल्या मेसचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, लेक्चरला उशीर होऊ नये म्हणून. पहिल्याच आठवड्यात सगळ्या फर्स्ट इयरला ते कळतं आणि सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून निवांत पोहे खातात. उशीर होतो तो होतोच.

जुन्या स्कूटरांची पद्धत वेगळी होती. बजाज चेतक १९७२ मध्ये आली, पुण्याजवळच्या आकुर्डीची. वडिलांच्या पिढीने तिच्यावर संसार केले. जुन्या चेतकला काट्याऐवजी सीटखाली कॉक होता. चालू, बंद आणि रिझर्व्ह. आतली युक्ती साधी. एक नळी उंच, एक बुटकी. पातळी उंच नळीच्या खाली गेली की गाडी आचके देते, कॉक रिझर्व्हला फिरवला की बुटक्या नळीतून पेट्रोल येतं. सबंध टाकीत एकच रीडिंग, पण ते दुर्लक्ष करता न येण्यासारखं! गाडी थांबायची, उतरावं लागायचं, हात घालून कॉक फिरवावा लागायचा. "रिझर्व्हला लागली" हे वाक्य घराघरात होतं. आजच्या गिअरलेस स्कूटरला तो कॉक नाही. इशारा आता फक्त डोळ्यांसमोर असतो आणि डोळ्यांची काय, आपण समजूत घालू शकतो.

"माझ्या गाडीला डिजिटल मीटर आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. आकडे किंवा दांड्या दिसल्या म्हणून अचूकता वाढत नाही. बहुतेक गाड्यांत खाली तोच फ्लोट आणि तीच दांडी असते. सहा लिटरच्या टाकीला सहा दांड्या असतील तर एक दांडी साधारण एका लिटरची. नुकती लागलेली आणि आता विझणारी दांडी सारखीच दिसते, मधे चाळीसेक किलोमीटरचा फरक असला तरी. ॲक्युरसी, प्रिसिजन आणि रिझोल्यूशन या तीन शब्दांतला फरक मला पुस्तकात दोन वर्षांत कळला नव्हता, पार्किंगमध्ये पाच मिनिटांत कळला.

आमचा प्रयोग

प्रयोगाची कल्पना माझी, पण वही सुन्याची. "आता कॅलिब्रेट करूनच टाकू," एवढंच तो म्हणाला. मला केवढं हायसं वाटलं, ते लिहिता येणार नाही.

टाकी उपसणं, तोंडाने नळी ओढणं, काडी किंवा मोबाइलचा उजेड घेऊन टाकीत डोकावणं असले उद्योग आम्ही केले नाहीत, तुम्हीही करू नका. पेट्रोलची वाफ प्रॅक्टिकलला ग्रेस मार्क देत नाही. आमची पद्धत साधी. एकच पंप, सपाट जागा, गाडी मेन स्टँडवर. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वर टोपण भरायचं नाही. किलोमीटर वहीत लिहायचे. काटा प्रत्येक खुणेवर आला की गाडी सपाटीवर उभी करून पुन्हा लिहायचे. 'ई'वर आली की त्याच पंपावर त्याच पद्धतीने भरायची आणि पावतीवरचे लिटर लिहायचे. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथे पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. ग्राहक ते मागू शकतो. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

तीन टाक्या झाल्या. तिन्हींची सरासरी अशी. टाकी फुल केल्यावर पहिले ४५ किलोमीटर काटा 'एफ'वर. १४० किलोमीटरला तो अर्ध्यावर. २३४ किलोमीटरला 'ई'वर. म्हणजे पहिली 'अर्धी' टाकी १४० किलोमीटरची आणि दुसरी 'अर्धी' फक्त ९४ची! 'ई'वर भरलेलं पेट्रोल ५.२ लिटर. माहितीपुस्तिकेत टाकी सहा लिटरची. शिल्लक ८०० मिलिलिटर.

शेवटी एकदा पंपासमोरच्या रस्त्यावर फेऱ्या मारत 'ई'नंतर गाडी बंद पडेपर्यंत चालवली. २६ किलोमीटर गेली. ढकलत पंपावर नेली तर ५.८ लिटर बसलं. उरलेलं पाव लिटरच्या आतलं पेट्रोल तळाला राहतं, ते कार्बोरेटरकडे जातच नाही, कारण तळाचा कचरा आणि पाणी ओढलं जाऊ नये म्हणून नळीचं तोंड जरा वर असतं.

वही बघून सुन्या हसला, बऱ्याच दिवसांनी. "म्हणजे तू म्हणाला होतास ते बरोबरच होतं की रे! 'ई'नंतर पंचवीस."

खरंच की. माझा नियम बरोबर होता. पण तो सपाटीवरच्या 'ई'चा होता आणि मी तो उतारावरच्या 'ई'ला लावला. शिवाय माझ्याआधी विंगमधलं कुणीतरी 'ई'नंतरचे वीसएक किलोमीटर फिरवून आलेलं होतं, ते मी विचारलंही नव्हतं. आणि सपाटीवर आल्यावर काट्याने खरं सांगितलं, तेव्हा मी ते ऐकलं नाही.

तुमच्या गाडीसाठी

मित्रांनो, माझे आकडे तुमच्या गाडीला चालणार नाहीत. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे फ्लोटसुद्धा वेगवेगळे झिजतात. पण रीत चालेल. काटा नेहमी सपाटीवर, मेन स्टँडवर, चावी फिरवून काही क्षण थांबून वाचा. फुलपासूनचे किलोमीटर लक्षात ठेवा. काट्यापेक्षा तो हिशेब भरवशाचा. 'ई'नंतरचं अंतर माहीत करून घ्या, पण ते खर्चायला नव्हे, पंपापर्यंत पोचायला. आणि दुसऱ्याला गाडी देताना "आहे आहे" म्हणू नका, आकडा सांगा.

एक गोष्ट मात्र माझ्यासारखी करू नका. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ निकष लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक स्कूटरांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोलचा पंप सहसा टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. अशी गाडी मुद्दाम कोरडी पाडली तर पंपाला धक्का बसू शकतो. तिच्यासाठी 'ई'पर्यंतचा प्रयोग पुरे.

आता माझ्या स्कूटरच्या मीटरवर, 'ई'च्या शेजारी, औषधाच्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला आहे. सुन्याच्या अक्षरात त्यावर लिहिलंय, '०.८ लि. सपाटीवर वाच.' पट्टी दोनदा पावसात गेली, दोनदा त्याने नवीन लावली.

परवा एक ज्युनिअर रात्री चावी मागायला आला. त्याला बहिणीला स्टेशनवर सोडायचं होतं. "पेट्रोल आहे ना सर?" त्याने विचारलं.

"आधी ढकलून सपाटीवर आण," मी म्हटलं, "मग सांगतो."